किंडर स्काउट: शिखर आहे, पण टोक नाही

पायवाट
मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा जणांनी किंडर स्काउटला, म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या पठारी डोंगरावर, जायचं घाटतंय. इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जातात, त्याच्या आदला शनिवार. मँचेस्टरहून आगगाडीने ईडेलला उतरायचं, वर जायचं, संध्याकाळी परत. सहाही जण सह्याद्रीत तयार झालेले, तेव्हा चढाची चिंता नाही. उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मी, आणि ईडेल मुळातच अडीचशे मीटरच्या आसपास आहे.

घोळ नकाशाने घातलाय. ६३६ चा आकडा पठाराच्या मधोमध कुठेतरी लिहिलाय. तिथे ना खांब, ना वाट. शिवाय ग्रिंड्सब्रुकच्या नाळेने चढून सरळ वायव्येला निघालं तर किंडर डाउनफॉल धबधबा तीन किलोमीटरच्या आत दिसतो. कडेकडेने गेलं तर बराच वळसा. सरळ पठार ओलांडावं की कडेने जावं? आणि ते शिखर सापडतं कसं?

होकायंत्र
सरळ ओलांडू नका. किमान पहिल्या खेपेला तरी नाही.

नकाशावर पठार सपाट दिसतं, कारण दहा मीटरच्या समोच्च रेषांमध्ये ते सपाटच आहे. पण वर पीटचा थर आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा, लोण्यासारखा मऊ गाळ, ठिकठिकाणी काही मीटर जाड. पाण्याने तो चिरत नेलाय. त्या चिरांना इथे ग्रफ म्हणतात. (स्पेलिंग बघून 'ग्रो' म्हणाल, पण उच्चार ग्रफच. दरीला क्लफ, तसंच.) एकेक ग्रफ दोन-तीन मीटर खोल, पुष्कळदा त्याहून जास्त. तळाशी पाणी किंवा रेव, दोन्ही भिंती निसरड्या. एकातून घसरत उतरायचं, पलीकडे चार हातापायांवर चढायचं, पंधरा पावलांवर दुसरी तयार. या चिरा नांगराच्या तासासारख्या समांतर असत्या तरी चाललं असतं, पण त्या झाडाच्या मुळांसारख्या फुटतात.

आता वेळेचं गणित. डोंगरात आपण धरतो ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वर. ग्रफमध्ये ताशी दीड किलोमीटर झाला तरी खूप. म्हणजे तुमचे तीन किलोमीटर दोन तास खातात, आणि ते वाट चुकली नाही तर. त्यात ग्रफच्या तळाशी उभं राहिलं की आजूबाजूला फक्त काळी भिंत दिसते. दूरची खूण नाही, क्षितिज नाही. गावाकडे ज्याला चकवा लागणं म्हणतात ते इथे भरदिवसा होतं, भुताची गरज पडत नाही.

बोरीचा बंड्या
नावातच स्काउट आहे म्हटल्यावर गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी घेऊन या असंच सुचवलंय की हो त्यांनी.

लीड्सच्या काकू
बंड्या, शिट्टी खरंच घेऊन जायची असते. नावातला 'स्काउट' मात्र जुन्या नॉर्स भाषेतला, पुढे झुकलेल्या कड्यासाठीचा शब्द.

आणि स्काउटवरून विनोद इथे जरा जपून. मार्च १९६४ मध्ये याच डार्क पीक भागातल्या 'फोर इन्स' पदयात्रेत तीन तरुण रोव्हर स्काउट थंडीवाऱ्याने गेले. त्यानंतरच पीक भागातली वेगवेगळी बचाव पथकं एका संघटनेखाली आली. बर्फाचा कडा नाही, दरी नाही, फक्त पाऊस, वारा आणि ओले कपडे.

पायवाट, तुमच्या 'सह्याद्रीची सवय' या वाक्याला मी तांबड्या शाईने गोल करते. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला भिजणं हीच मजा असते, कारण हवा वीस-बावीस अंशांची असते. इथे ऑक्टोबरअखेर खाली दहा अंश असले तर पठारावर साडेसात समजा, आणि वारा आडवा. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजली की अंगाची ऊब ओढून घेते आणि दिवसभर वाळत नाही. तेव्हा अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचा बनियन, वर फ्लीस, त्यावर शिवणी चिकटवलेलं जलरोधक जाकीट आणि तशीच पॅंट. छत्री आणि पॉन्चो घरी ठेवा, वारा दोन्हीची चेष्टा करतो. हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला ग्रफ चढतानाच ओला होतो. घोट्यावर येणारे बूट आणि गुडघ्यापर्यंत गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायचं आवरण. गेटरचा बुटाखालचा पट्टा आधी तपासा. पीटमध्ये पाय ओढून काढताना तोच तुटतो.

निवांत
काकू आणि होकायंत्र, तुम्ही दोघांनी मिळून त्या सहा जणांना घरीच बसवलंत.

पठार ओलांडणं अशक्य अजिबात नाही. जमीन गोठलेली असेल किंवा वसंतात पंधरवडा कोरडा गेला असेल तर पीट पाय धरत नाही. पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट मुळात ईडेलहून निघून याच पठारावरून डाउनफॉलला जायचा. आणि युक्ती अशी, की ग्रफ आडवे ओलांडायचेच नाहीत. पठाराच्या मध्यावर किंडर नदीचं पात्र शोधायचं. ते रेताड, रुंद आणि बऱ्यापैकी कठीण आहे. किंडर गेट्स नावाच्या दगडांमधून ते थेट डाउनफॉलच्या माथ्यावर नेऊन सोडतं. पाणी घोट्याएवढं. हमरस्ताच म्हणा.

होकायंत्र
पेनाइन वेचा दाखला दिलात तर पुढचंही सांगा. लोकांच्या पायांनी पीटची इतकी धूप झाली की तो मार्ग पठारावरून उचलून अपर बूथची वस्ती आणि जेकब्स लॅडर नावाच्या चढावरून वळवावा लागला.

नदीच्या पात्राबद्दल सहमत, पण ते *सापडल्यावर*. नवखा माणूस ग्रफमध्ये उतरतो, पाणी वाहताना बघतो आणि म्हणतो, चला, पाण्याबरोबर. पाणी कुठे चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. या पठाराचं पाणी तिन्ही बाजूंना जातं. पश्चिमेला गेलात तर डाउनफॉल, ठीक. दक्षिणेला क्राउडन ब्रुक, तेही ठीक, शेवटी ईडेलचीच दरी लागते. पण उत्तरेच्या फेअर ब्रुक किंवा ब्लॅकडेनच्या पाण्याला लागलात तर स्नेक पासच्या रस्त्यावर उतरता. मध्ये आख्खा डोंगर, ईडेल स्टेशन पलीकडे, आणि अंधार पडत आलेला. ग्रफला लागलात की आधी होकायंत्र काढून प्रवाहाची दिशा बघायची. प्रवाह वळतात, म्हणून दर पाच मिनिटांनी परत बघायची.

निवांत
हे मान्य. 'पाण्याबरोबर चला' असं मी लिहिलेलं नाही, पण तसं वाचलं जाऊ शकतं.

सडेकर
अवांतर विचारतो. अशा उघड्या, ओल्या पठाराला इंग्रजीत 'मूर' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? माळ म्हटलं की डोळ्यांपुढे कुसळं आणि बाभळी येतात. पठार बरोबर, पण त्यात ओल नाही. आमच्याकडे कासचा किंवा रत्नागिरीकडचा असतो तो 'सडा' सगळ्यात जवळचा वाटतो: वर उघडं, झाड नाही, वारा, ठरावीक महिन्यांत फुलं.

शेवाळ
सडा जवळचा आहे, पण आतून अगदी उलटा. सड्यावर जांभ्याचा कातळ उघडा पडतो आणि माती बोटभर. पाऊस प्रचंड, पण चार महिन्यांत आटोपतो, पुढे आठ महिने सडा भाजतो. किंडरवर पाऊस मुंबईहूनही कमी, पण तो बारा महिने थोडाथोडा, ऊन कमी, बाष्पीभवन कमी. त्यामुळे जमीन कायम ओली राहते, ओलीत हवा शिरत नाही, हवा नाही म्हणून मेलेलं शेवाळ पूर्ण कुजत नाही आणि साठत जातं. वेग वर्षाला जेमतेम एक मिलीमीटर. तीन मीटरचा थर म्हणजे तीन हजार वर्षांहून जास्त काळाची पुंजी. खाली वाळूचा भरड दगड, मिलस्टोन ग्रिट, आणि त्याखाली ईडेलचे ठिसूळ शेल.

होकायंत्रांनी ग्रफचं वर्णन केलं, पण ते एवढे का झाले हे कुणी लिहिलं नाही. पीट बांधून ठेवणारं मुख्य शेवाळ म्हणजे स्फॅग्नम. स्पंजासारखं, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारं. पश्चिमेला मँचेस्टर, पूर्वेला शेफील्ड. दोन्हीकडच्या गिरण्या आणि भट्ट्यांचा गंधकयुक्त धूर शंभर-दीडशे वर्षं इथे पडला आणि स्फॅग्नम मेलं. त्यात आगी, जास्तीच्या मेंढ्या, माणसांचे पाय. वरची कातडी गेली आणि उघडं पीट पाऊस, वारा, बर्फाच्या तोंडी सापडलं. उघड्या पीटचा सामू तीनच्या आसपास, साधारण व्हिनेगरएवढा. त्यात बी पडलं तरी रुजत नाही.

दुरुस्ती आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामासारखीच चालते. आधी आंबटपणा मारायला चुना, थोडं खत, मग भराभर वाढणाऱ्या गवताचं बी. हे गवत कायमचं नको असतं, दोन-चार वर्षं माती धरून ठेवायला हवं असतं. वर हेदर नावाच्या झुडपाच्या कापलेल्या काटक्यांचं आच्छादन: सावलीही होते आणि त्यातलं बीही पडतं. तीव्र उतारावर तागाची जाळी. मग कॉटनग्रास आणि स्फॅग्नमची हाताने लावलेली रोपं. ग्रफमध्ये बांध. जिथे ग्रफ खालच्या दगडापर्यंत पोचलाय तिथे दगडाचे, आपले अनघड दगडी बांधच, फक्त दगड हेलिकॉप्टरने आणावे लागतात कारण गाडी वर आणली तर रुतते आणि नवा ग्रफ तयार करते. जिथे तळाला अजून पीट आहे तिथे लाकडी फळ्या, प्लॅस्टिकचे पत्रे किंवा पीटचेच बांध. नियम नालाबंडिंगचाच: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत. अंतर वाढलं तर मधल्या उघड्या टप्प्यात पाणी वेग घेतं आणि वरच्या बांधाचा पाया उकरतं. बांध कडेला पुरेसा आत घुसवला नाही तर पाणी बगलेने फिरून जातं. निकामी झालेले बांध बहुतेक याच दोन चुकांनी जातात.

किंडर १९८२ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. डार्क पीकमधलं पीट सावरायचं मोठं काम २००३ नंतर सुरू झालं. म्हणून पायवाट, एक विनंती: बांधांवर पाय देऊन ग्रफ ओलांडू नका. सोयीची पायरी दिसते, पण माथ्याचा एक दगड निसटला की पाणी तिथूनच फुटतं.

ताकभात
जमलंय. थोडक्यात कळलं ते असं: दीडशे वर्षांत बिघडलं, आता चहाच्या चमच्याने भरतायत.

शेवाळताई, हिरवं दिसेल तिथे पाय ठेवावा की टाळावा?

शेवाळ
हिरवा रंग कुठला त्यावर. पोपटी, सपाट, गालिच्यासारखं दिसलं तर खाली पाणी, मांडीपर्यंत जाल. काळं, गुळगुळीत, चकाकणारं असेल तर बुटापर्यंत नक्की. कॉटनग्रासचा गठ्ठा असेल तर त्याच्या बुडख्यावर पाय धरतो. जांभळट-तपकिरी हेदर असेल तर जमीन त्यातल्या त्यात कोरडी. आणि काठी आधी, पाय मागून.

सडेकर
पेनाइन वेवर पीट ओलांडायला मोठाल्या दगडी फरश्या टाकल्यात, त्या कुठून आल्या हेही सांगा की.

शेवाळ
पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या बऱ्याचशा. काहींना यंत्र बसवायची भोकं अजून आहेत. ज्या गिरण्यांच्या धुराने शेवाळ मेलं, त्यांचीच फरशी आता उरलेलं पीट पायांपासून वाचवते. आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या गाठींवर यातल्या कित्येक गिरण्या तगल्या. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकांनी त्या फरशीवर जरा हक्काने उभं राहावं.

बोरीचा बंड्या
ते पडलेलं बॉम्बर विमान बघायला विसरू नका, अजून तिथेच अवशेष आहेत म्हणतात. त्याच वाटेवर का?

निवांत
बंड्या, ते किंडरवर नाही. ३ नोव्हेंबर १९४८ ला पडलेलं बी-२९ हे ब्लीकलो या शेजारच्या डोंगरावर आहे, हायर शेल्फ स्टोन्सजवळ, स्नेक पासच्या पलीकडे. तेरा जण गेले. वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम आहे तो, आणि तिथून तुकडे उचलून आणायचे नसतात.

ताकभात
हाच का तो डोंगर, जिथे लोक घुसले म्हणून ब्रिटनला राष्ट्रीय उद्यानं मिळाली?

लीड्सच्या काकू
डोंगर तोच. 'म्हणून' हा शब्द जरा घाईचा. २४ एप्रिल १९३२ ला हेफील्डच्या बाजूने काही शे माणसं चढली. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. पठार तेव्हा ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी बंद. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. ती घुसखोरीसाठी नव्हे, दंगा आणि मारामारीच्या कलमांखाली, कारण नुसतं घुसणं हा फौजदारी गुन्हाच नव्हता. भटक्यांच्या प्रस्थापित संघटनांनाही हा प्रकार तेव्हा पसंत नव्हता. शिक्षेने मात्र जनमत फिरलं. पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान व्हायला १९५१ उजाडलं, आणि मोकळ्या माळरानावर वाट सोडून फिरायचा कायदेशीर हक्क २००० च्या कायद्याने आला. आज तुम्ही शिखराकडे वाटेशिवाय जाऊ शकता ते या हक्कामुळे.

गंमत अशी, की १९३२ ची ती मंडळीही माथ्यापर्यंत पोचली नव्हती.

पायवाट
मंडळी, एवढं कळलं की ओलांडायचं नाही. जेकब्स लॅडरने चढून कडेने परत, हे पक्कं. पण १९३२ चे लोकही पोचले नाहीत म्हटल्यावर आता ६३६ सोडवत नाही. त्याचं काय ते सांगा.

होकायंत्र
सोडू नका, पण रीतसर करा. किंडर लो नावाच्या उंचवट्यावर, ६३३ मीटरवर, सर्वेक्षणाचा पांढरा खांब आहे, मोठ्या दगडावर उभा. बहुतेक जण तिथेच फोटो काढून शिखर झालं म्हणतात. खरं ६३६ तिथून ईशान्येला जवळजवळ आठशे मीटर. म्हणजे फक्त तीन मीटर उंच, तेही आठशे मीटर लांब. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही, मोजूनच गाठावं लागतं.

खांबाला पाठ लावून ४७ अंशांची दिशा धरा. ब्रिटनमध्ये सध्या चुंबकीय आणि नकाशावरच्या उत्तरेतला फरक फार थोडा आहे, या अंतराला दुरुस्ती न करता चालेल. पावलं मोजून जायच्या भानगडीत पडू नका. सपाटीवर शंभर मीटरला डाव्या पायाची पासष्टेक पावलं होतात, पण ग्रफमध्ये ते गणित कोलमडतं. तुम्ही सहा जण आहात, तेव्हा बेडूकउडी करा. एकाने होकायंत्र धरून जागेवर थांबायचं. दुसऱ्याने तीस-चाळीस मीटर पुढे, पलीकडच्या काठावर जायचं. मागच्याने हाताने 'डावीकडे, अजून, बस' करत त्याला रेषेत आणायचं. मग बाकी सगळे कुठूनही सोयीने त्याच्यापाशी जमायचं. ग्रफला वळसा घातला तरी चालतो, रेषा मोडत नाही. वीसेक उड्या होतील. परतताना २२७ अंश.

धुकं असेल तर धोका शिखरापाशी नाही, किंडर लोवर आहे. तो भाग उघडा, रेताड, चारी दिशांना सारखाच, आणि मेंढ्यांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या. आपल्याकडच्या ढोरवाटा फसवतात तशाच या. खांब सोडताना दिशा हातात हवी, आठवणीत नव्हे.

निवांत
फोनवर नकाशा असेल तर एवढी सर्कस कशाला?

होकायंत्र
असू द्या, दोन फोनवर असू द्या. पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. फोन 'आपण कुठे आहोत' यासाठी, होकायंत्र 'कुठे जायचं' यासाठी. कागदी नकाशा १:२५,०००, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ क्रमांकाचा, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

लीड्सच्या काकू
वेळापत्रक मी लावून देते. ईडेल ते किंडर लो सात किलोमीटरच्या आसपास, अडीच तास. तिथून शिखर आणि परत खांबापाशी दीड तास धरा, कमी लागला तर चहा प्या. मग दक्षिणेची कड: नो स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्सचे ते गुबगुबीत दगड, क्राउडन टॉवर, ग्रिंड्सलो नोल आणि खाली ईडेल, अडीच तास. बेरीज साडेसहा. त्या शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे साडेनऊला स्टेशनातून पाय बाहेर पडला पाहिजे. बेत एक आठवडा पुढे ढकलला तर घड्याळं बदलून सूर्यास्त पाच वाजायच्या आतच, मग हे गणित बसत नाही. एक वाजेपर्यंत किंडर लोवर नसलात तर ६३६ सोडून द्यायचं, वाद न घालता.

ग्रिंड्सलोचा उतार ओल्या गवताचा आहे, तिथे दमलेले लोक घसरतात. डोक्याचा दिवा प्रत्येकाकडे. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून परत सहा. फोन लागला तर ९९९, पोलिस मागायचे आणि त्यांना डोंगरी बचाव पथक सांगायचं. स्टोव्ह नेऊ नका, थर्मास न्या. वाळलेलं पीट जमिनीखालून पेटत राहतं. २०१८ च्या जूनमधली सॅडलवर्थ मूरची आग विझवायला लष्कर बोलवावं लागलं होतं.

ताकभात
डाउनफॉल राहिला की यात!

निवांत
राहू दे. किंडर लोहून उत्तरेला दोन किलोमीटर जाऊन परत यायचं, म्हणजे दीड तास. तो त्यांच्याकडे नाही. शिवाय डाउनफॉल बघायला पश्चिमेचा जोरदार वारा लागतो. तेव्हा तीस मीटरचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं, नाणेघाटातल्या उलट्या धबधब्यासारखं. आणि अशा वाऱ्यात ६३६ कडे जाऊ नये. दोन्ही एका दिवशी नाहीतच.

पायवाट
ठरलं. साडेनऊ, जेकब्स लॅडर, एक वाजताची मर्यादा, ४७ अंश. शिखर आलं हे ओळखायचं कसं, तेवढं राहिलं. खूण असते का काही?

होकायंत्र
दगडांच्या राशी लोक रचतात, लोकच मोडतात, त्यावर विसंबू नका. फोनवर जागा ताडून बघा. आजूबाजूच्या काठांपेक्षा आपण उंच आहोत असं अजिबात वाटणार नाही. वाटलं तर जागा चुकली.

लीड्सच्या काकू
आणि परतीच्या गाडीत चढायच्या आधी गेटर फलाटावरच काढून पिशवीत घाला. पीट ओलं असताना चिकटतं आणि वाळलं की त्याची काळी भुकटी सीटभर पडते. सहा माणसांच्या सहा पिशव्या.